कमानीखालचा नळ

फार पूर्वी, कुंभावती नगरात सुबाहू राजाचे राज्य असताना, बोधिसत्त्व पाणी वाहणाऱ्या पखाली कुळात जन्मला. त्याचे नाव सोमिल. रेड्याच्या पाठीवर कातडी पखाल घालून तो डोंगरातल्या झऱ्याचे पाणी दारोदार विकत असे.

त्या नगराला पाणी नव्हते असे नाही. राजाच्या आजोबांनी तलावापासून खालच्या आळीपर्यंत जमिनीखालून खापराचे नळ घातले होते. पुढच्या चाळीस वर्षांत त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. सांधे निखळत गेले. आणि अमात्य पिंगलक काय करीत होता? दर वर्षी जलपूजेला एक नवी दगडी कमान उभारीत होता! कमानीवर राजाचे नाव कोरता येते. मातीखालच्या नळावर कोणाचे नाव कोरणार?

खालच्या आळीत रंगारी राहत. यंदाच्या जलपूजेनंतर तिथे घरोघरी माणसे जुलाब-वांतीने अंथरुणाला खिळली. क्षेमा नावाच्या रंगारणीची थोरली मुलगी गेली, आणि आठ दिवसांत धाकटीलाही तेच दुखणे लागले. सोमिल तिला जमेल तेव्हा फुकट पाणी देई. पण एका पखालीवर आळी कशी जगणार?

लोक ओरडू लागले तेव्हा अमात्याने सोमिलला बोलावून घेतले.

"सभेत एवढंच सांग, की नळ धडधाकट आहेत, आळीतली माणसंच घाणेरडी राहतात. तुझ्या शब्दावर लोक विश्वास ठेवतील. मग नळ बंद करू आणि सगळ्या नगराला पाणी तूच विक. शंभर रेडे देतो."

हे ऐकून सोमिलच्या अंगाचा तिळपापड झाला. मुले मरत होती आणि या माणसाला त्यात धंदा दिसत होता. तरी सभेत तो शांतपणेच बोलला.

"महाराज, भर चैत्रात रस्ते कोरडे ठणठणीत आहेत. पण माझा रेडा रोज एकाच जागी चिखल बघून बसकण मारतो. ती जागा खणून पाहा."

"कोणती जागा?"

"यंदाच्या कमानीचा पाया."

राजा स्वतः तिथे गेला. खणल्यावर दिसले, की पायाच्या दगडाखाली मुख्य नळाचा चुरा झाला आहे आणि शेजारच्या गटाराची काळी घाण त्यात शिरते आहे. पाण्याच्या पूजेसाठी उभारलेल्या कमानीनेच पाणी नासवले होते! तरी अमात्य म्हणतो कसा, "महाराज, तिच्यावर आपलं नाव आहे. पाडली तर अपशकुन होईल. चार खापरं बाजूनं बसवून देऊ."

गर्दीतून क्षेमा पुढे आली. "आणि माझी थोरली गेली, तो काय शुभशकुन होता? धाकटी घरात पडली आहे, महाराज. तिला आज काय पाजू, तेवढं सांगा."

राजाची मान खाली गेली. तो म्हणाला, "पाडा. ही आणि मागच्या सगळ्या."

पिंगलकाचे पद गेले. कमानींचे दगड नव्या नळांच्या बांधणीला लागले. जमीन उघडून सांधे तपासल्याशिवाय जलपूजा करायची नाही, असा नियम झाला, आणि तपासायला जाणाऱ्यांत खालच्या आळीची माणसे नेमली गेली. क्षेमाची धाकटी वाचली. सोमिलचे पाणी मात्र आता कोणी घेईना. त्याने पखाल खुंटीला टांगली आणि सांधे लिंपायच्या कामावर तो रोजाने जाऊ लागला.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा पिंगलक म्हणजे देवदत्त. सुबाहू राजा म्हणजे आनंद. सोमिल पखाली मीच होतो."

"आणि भगवन्, ती आई?" एका भिक्षूने विचारले.

"ती इथेच बसली आहे."

भिक्षुणींच्या रांगेत किसा गोतमी, मेलेले मूल कडेवर घेऊन एकदा शास्त्यांकडे औषध मागायला आलेली आई, खाली मान घालून बसली होती.

मग शास्ता म्हणाले, "ज्या खोट्यावर आपलं पोट भरणार असतं, तेच खोटं चारचौघांत उघडं पाडणं, हीच सत्याची परिपूर्णता, सत्यपारमिता."