दुडूचं गाठोडं

शाल्मलीताईच्या प्रयोगशाळेत होती एक काचेची नळी. नळीत होता एक थेंब. थेंबात राहायचा दुडू.

दुडू होता मोटार-प्रथिन. इतका छोटा, इतका छोटा, की नुसत्या डोळ्यांना दिसायचाच नाही! त्याला दोन पाय. त्याचं काम ओझी न्यायचं. एक पाय रस्त्यावर, मग दुसरा पाय. टप टप, टप टप.

आज पाठीवर होतं साखरेचं गाठोडं. डीएनएच्या दोऱ्याने बांधलेलं. ते न्यायचं होतं पेशीबाळाकडे.

वाटेत दुडू ओरडला, "बघा माझी उडी!" आणि उचलले दोन्ही पाय. टुण्णकन!

दोरा तुटला. तट्! गाठोडं पडलं. धप्प!

कुणी पाहिलं का? मान खाली. गाल लाल लाल.

"दोरेदादा, दोरेदादा, गाठोडं बांध ना. बाळ उपाशी आहे."

दोरा म्हणाला, "मी तर तुटलो. जोडकाकूंनी जोडलं, की बांधतो."

दोऱ्याने उडीचं नावही काढलं नाही. दुडूला आणखीच लाज वाटली.

टप टप, टप टप. दुडू गेला जोडकाकूंकडे.

"काकू, काकू, दोरा जोडा ना. दोरा गाठोडं बांधत नाही, बाळ उपाशी आहे."

काकू म्हणाल्या, "माझ्या अंगात ताकदच नाही. आजोबांनी दाणे दिले, की जोडते. पण दोरा तुटला कसा रे?"

"असाच." मान खाली. गाल लाल लाल.

टप टप, टप टप. दुडू गेला दाणेआजोबांकडे. त्यांच्याकडे ताकदीचे दाणे.

"आजोबा, आजोबा, दाणे द्या ना. काकू दोरा जोडत नाहीत, दोरा गाठोडं बांधत नाही, बाळ उपाशी आहे."

आजोबा म्हणाले, "वाकड्या रस्त्यावर माझी गाडी चालत नाही. रस्ता सरळ झाला, की देतो. पण दोरा तुटला कसा रे?"

"असाच." मान खाली. गाल लाल लाल.

रस्ता थंडीने कुडकुडत होता. अंग आखडून बसला होता.

"रस्त्या, रस्त्या, सरळ हो ना. आजोबा दाणे देत नाहीत, काकू दोरा जोडत नाहीत, दोरा गाठोडं बांधत नाही, बाळ उपाशी आहे."

रस्ता म्हणाला, "हुडहुड! ताईने ऊब दिली, की होतो. पण दोरा तुटला कसा रे?"

या वेळी दुडूला 'असाच' म्हणवेना. तो तसाच निघाला. टप... टप...

थेंबाच्या काठाशी आला. वर भिंगातून दिसला ताईचा मोठ्ठा डोळा! दुडूला वाटलं, लपावं कुठेतरी. पण बाळ रडत होतं.

"ताई, ताई, ऊब दे ना. रस्ता सरळ होत नाही, आजोबा दाणे देत नाहीत, काकू दोरा जोडत नाहीत, दोरा गाठोडं बांधत नाही, बाळ उपाशी आहे."

ताई म्हणाली, "देते. पण दोरा तुटला कसा रे?"

दुडूने मान वर केली. मग हळूच म्हणाला, "मी... मी तोडला. मिरवायला गेलो. दोन्ही पाय उचलले." आणि रडूच फुटलं त्याला.

"बरं केलंस, सांगितलंस," ताई म्हणाली. तिने नळी मुठीत धरली.

ऊब आली. रस्ता झाला सरळ, सर्रर्र! आजोबांनी दिले दाणे, खुळखुळ! काकूंनी जोडला दोरा, चट्! दोऱ्याने बांधलं गाठोडं, गच्च! दुडू निघाला. एक पाय, मग दुसरा पाय.

बाळाने गाठोडं सोडलं. "एवढा उशीर का रे?"

"मीच पाडलं गाठोडं," दुडू म्हणाला.

बाळ रागावलं नाही. हसलंही नाही. जरासं बाजूला सरकलं.

"बस. दमलास ना? हा घे मोठा खडा."

कुर्रम कुर्रम. कुर्रम कुर्रम.

साखर संपली, गोष्टही संपली.