मुंगसाने आखलेली वाट

या गोष्टीत माझा वाटा एवढाच, की घराच्या कामातून उरलेल्या काळ्या फरश्या आणि विटा मी परसात रचून ठेवल्या होत्या. पुढचे सारे परसातील प्राण्यांनी केले. मुलांनो, ते नीट ऐका.

आमच्या परसात एक मुंगूस राहत असे. त्याला आपल्या नीटनेटकेपणाचा भारी अभिमान होता. तेथेच एक म्हातारे कासवही होते. ते रोज लिंबाच्या सावलीतून, गवत तुडवीत, विहिरीजवळच्या दगडी डोणीवर पाणी प्यायला जाई. पावसाळ्यात त्याचे पाय चिखलात रुतत. ते पाहून मुंगूस म्हणाले, "आजोबांसाठी आपण पक्की वाट करू." थंडीचे दिवस येताच त्याने सुतळी ताणून डोणीपर्यंत सरळ रेघ आखली, खारीच्या मदतीने फरश्या बसवल्या आणि दोन्ही कडांना तिरप्या विटांची दातेरी किनार लावली.

खार म्हणाली, "अरे, पण आजोबांना एकदा विचारून तरी बघ!"

"खारूताई, सुतळी कधी चुकते का?" मुंगूस म्हणाले.

कुंपणावरची साळुंकी हसली. "वा, मुंगूसराव! वाट आहे की तेल लावून पाडलेला भांग?"

कासवाला खरे तर आपली जुनी, वळणाची वाटच आवडे. परंतु मुंगसाच्या पंजांना पडलेले घट्टे पाहून ते गप्प राहिले. 'पोराने माझ्यासाठी एवढे कष्ट केले, त्याचे मन कसे मोडू?' असा विचार करून ते नव्या वाटेने ये-जा करू लागले.

चैत्रातील एका दुपारी कासव तहानेने व्याकूळ होऊन निघाले. सुरुवातीच्या फरश्या सावलीत होत्या; निम्मी वाट चालून गेल्यावर त्याला कळले, की पुढची काळी फरशी उन्हाने तव्यासारखी तापली आहे. पुढे जावे तरी चटके, मागे फिरावे तरी चटके! लिंबाची सावली अगदी शेजारी होती; पण विटांची किनार त्याला ओलांडता येईना. त्याने पाय आत ओढून घेतले, तर पोट भाजू लागले. खारीचा आरडाओरडा ऐकून मुंगूस धावत आले.

"आजोबा, थांबलात का? मारा उडी!"

कासव क्षीण आवाजात म्हणाले, "बाळा, उडी मारता आली असती, तर मला वाट कशाला लागली असती?"

मुंगूस चपापले. मग त्याने स्वतःच रोवलेल्या विटा दातांनी आणि नखांनी उपटून काढल्या व कासवाला सावलीत ढकलले. खारीने डोणीत शेपूट बुडवून त्याच्या तोंडावर पाणी पिळले. हळूहळू कासवाने डोळे उघडले.

ऊन कलल्यावर सर्वजण लिंबाखाली जमले. किनार कायमची काढावी, वाट सावलीतून वळवावी, आणि प्रत्येक फरशी बसवण्यापूर्वी कासवाने तेथून चालून पाहावे, असे ठरले. मुंगसाने सर्वांत आधी मान डोलावली. खारीने मात्र एक अट घातली : "न रुचलेले आजोबांनी तोंडाने सांगायचे!" कासवाने ती हसत मान्य केली. साळुंकी "वाट वाकडी दिसेल हं!" असे कुरकुरली, पण शेवटी तिनेही होकार दिला.

तात्पर्य : ज्याची सोय करायची, त्याला आधी विचारावे; आपला हेतू कितीही चांगला असला, तरी त्याने दुसऱ्याच्या पायांचे चटके चुकत नाहीत.