बुरडिणीचे विरजण

फार मागची गोष्ट आहे, बाळांनो आणि बाळांच्या आयांनो. तेव्हा मीठसुद्धा डोंगरापलीकडून बैलाच्या पाठीवर बसून यायचे. त्या डोंगराच्या पायथ्याला सतरा घरांचे एक गाव होते. गाव गरीब होते, पण उपाशी नव्हते.

एके वर्षी राजाने खिंडीत जकात बसवली. मीठ महागले. मग तेल, मग गूळ, मग मिरची. पहिल्या बाजाराला माणसे हळहळली, दुसऱ्या बाजाराला चिडली आणि तिसऱ्या बाजारापासून गप्प झाली. महागाईचे असेच असते. आधी ताटातला घास नेते, मग तोंडातला शब्द.

गावात एक बुरडीण राहायची. बांबू चिरून सुपे-टोपल्या विणायची. नवरा त्या विकायला दूरदेशी गेलेला. घरी ती आणि तिचा म्हातारा सासरा. त्याच्या तोंडात दात एकच, तोही पाहुण्यासारखा, कधी उठून जाईल नेम नाही. दूध त्याला पचत नसे. ताकात कुस्करलेली भाकरी, एवढेच त्याचे जेवण. दाराशी एक गाय होती, आणि डोंगरावरच्या गवताला अजून कुणी जकात लावली नव्हती. म्हणून बाकी सगळे गेले तरी ताक तेवढे ताटात उरले होते.

त्या गावाची विरजणाची एक रीत होती. जिच्या घरचे विरजण बिघडेल तिने वाटी घेऊन शेजारी जायचे. देणारीने नाही म्हणायचे नाही, घेणारीने उपकार मानायचे नाहीत. फक्त दिवेलागणीनंतर कुणी विरजण द्यायचे नाही की मागायचे नाही.

बुरडिणीच्या शेजारी साळीण राहायची, तिचा नवरा साळी मागावर लुगडी विणायचा. दोन्ही घरांत एक कुडाची भिंत. रोज जेवणवेळेला पलीकडे खलबत्ता वाजू लागे. ठण ठण ठण.

“ऐकलंत, मामंजी?” बुरडीण म्हणायची. “आज पण चटणी. आपल्याला मिरची बघायला मिळेना, आणि हिचं रोजचं कुटणं चाललंय.”

म्हाताऱ्याने कान लावला. “वाजतोय मात्र फार.”

“वाजणारच. मूठ मूठ मिरच्या घालत असेल.”

म्हातारा हसला आणि भाकरी कुस्करू लागला.

आणखी एक गोष्ट बुरडिणीच्या नजरेतून सुटली नव्हती. साळीण हल्ली दार लावून जेवायची. ज्या गावात जेवताना कुत्र्याशिवाय कुणासाठी दार लावत नसत, तिथे ही कडी घालायची. बुरडीण बांबूच्या कांब्या सोलता सोलता त्या कडीचा आवाज ऐकायची. तिच्या मनात येई, तेल कुठून आणते ही? साळी बाजाराला जातो तेव्हा गाठोडे एवढे मोठे कसे असते?

एका सकाळी साळीण वाटी घेऊन आली.

“अक्का, जरासं विरजण दे. माझं कालच्या उन्हानं आंबून गेलं.”

बुरडिणीच्या मनात आले, चटणी खाताना दार लावते आणि मागताना माझे उघडते.

“आज माझंच लागलं नाही गं,” ती म्हणाली.

साळिणीने एकदा वर पाहिले. शिंक्यात मडके होते, मडक्यावर ओले फडके होते.

“असू दे,” ती म्हणाली आणि रिकामी वाटी पदराखाली धरून गेली.

एका घरातला नकार सतरा घरांत पोचायला दोन दिवस पुरे होतात. त्यानंतर कुणी कुणाकडे वाटी घेऊन गेले नाही.

बुरडिणीला मात्र साळिणीची ती वर गेलेली नजर सुखाने बसू देईना. तिने मडके पाहिले आहे, आता आपण रानात गेलो की ती हात घालील. बुरडीण रोज दह्याच्या सायीवर नखाने चंद्रकोर काढू लागली. पाणी आणून आली की आधी खूण बघायची, मग कळशी उतरवायची. बाहेर दोघी बाया बोलत असल्या की तिला वाटे, आपल्या मडक्याचेच बोलणे चालले आहे.

वैशाखात तिला दोन दिवसांच्या बाजाराला जावे लागले. मामंजींसाठी ताक काढून ठेवले. उरलेल्या दह्यावर खूण काढली, पण ते शिंक्यात ठेवायची हिंमत होईना. मग तिने रिकामी कणगी शोधली. धान्याची उंच कणगी ती, हिचीच विणलेली, शेणामातीने हिनेच लिंपलेली, मुंगीला शिरायला फट नाही. तिच्या तळाशी तिने मडके ठेवले, वर झाकण, झाकणावर पाटा.

तिसऱ्या दिवशी येऊन झाकण काढले तर वासाने ती मागे सरली. दह्यावर हिरवा बुरा चढला होता. कोंदट उबाऱ्यात ते पार कुजले होते.

“कुणीतरी हात घातला,” हेच तिच्या तोंडून आधी निघाले.

पण बुऱ्याखाली नखाची चंद्रकोर जशीच्या तशी होती. चोर आलाच नव्हता.

विरजणाऐवजी तिने दुधात मिरचीचे जुने देठ घातले, चिंच घातली. दूध नासले, दही लागले नाही. पाण्यात भिजवलेली भाकरी म्हाताऱ्याच्या घशाखाली उतरेना.

“मला भूकच नाही गं,” तो म्हणाला. पहिल्या दिवशी ती थाप होती. तिसऱ्या दिवशी ती खरी होऊ लागली. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

तेव्हा बुरडिणीने वाटी घेतली. आधी साळीण सोडून बाकीची पंधरा घरे फिरली. सगळीकडे तेच.

“आमचं कधीच गेलं. तुझ्याकडं यायचं होतं, पण कळलं तुझ्याकडंच नाही.”

बुरडिणीचा विश्वास बसेना. बोलता बोलता ती प्रत्येकीच्या शिंक्याकडे पाहायची. शिंकी रिकामीच लोंबत होती.

शेवटी साळिणीचे दार उरले. आत खलबत्ता वाजत होता. आज घाईत कडी घालायची राहिली होती. बुरडिणीने दार ढकलले.

साळीण भुईवर बसून बत्ता चालवत होती. खलात काही नव्हते.

“काय कुटतेस?”

“काही नाही.” साळिणीने बत्ता आडवा ठेवला. “तुझ्याकडं ऐकू जातं ना. आवाज थांबला असता तर तू म्हणाली असतीस, यांच्यात मिरचीचं बोटुकसुद्धा नाही. ते मला नको होतं.”

“आणि दार?”

“कोरडी भाकरी काय दार उघडं टाकून खायची?”

बुरडीण उंबऱ्यातच बसली. वाटी मांडीवर ठेवली.

“त्या दिवशी माझं विरजण लागलं होतं,” ती म्हणाली.

“दिसलं मला.”

“मग भांडली का नाहीस?”

“घरात म्हातारं माणूस तुझ्या. म्हटलं, पुरत नसेल.”

बुरडिणीने सासऱ्याचे सांगितले. साळीण ताडकन उठली. “शिमग्यात ओढ्यापाशी धनगरांचा तळ पडला होता, आठवतं? त्या धनगरिणीला तू वाटीभर विरजण दिलंस. मी म्हणाले होते, परक्यांना कशाला देतेस. ते आता पलीकडच्या माळावर आहेत. चल.”

बुरडिणीने निघताना नवे कोरे सूप काखेत मारले. फुकट कोण देते आता? वाटभर ती मनाशी म्हणत होती, धनगरीण एक सूप मागेल की दोन?

धनगरीण मेंढ्यांना पाणी पाजत होती. तिने सुपाकडे पाहिले. “हे कशाला?”

“विरजणाचं.”

“आपल्याच विरजणाचं मोल देतीस व्हय गं?” धनगरीण हसली. “हे तुझंच हाय. तुझ्याकडनं आणलं ते नऊ तळांवर वाटलं. दोनदा माझं नासलं, दोनदा फिरून माझ्याकडंच आलं. आण ती वाटी.”

बुरडिणीने वाटी पुढे केली.

दिवस कलायला लागला होता. दिवेलागणीच्या आत पोचायला हवे म्हणून दोघी पळत आल्या. बुरडीण आधी साळिणीच्या घरी गेली, मग पंधरा घरी. प्रत्येक घरी एक चमचा. आपल्या उंबऱ्यात आली तेव्हा वाटीच्या कडेला चिकटले होते तेवढेच उरले होते. तिने कोमट दुधाने वाटी विसळली आणि ते दूध झाकून शिंक्यात ठेवले. खूण काढली नाही.

सकाळी दही लागले होते. म्हाताऱ्याने पहिला घास गिळला आणि दुसऱ्यासाठी तोंड उघडले.

जकात काही उठली नाही. पुढच्या बाजाराला मीठ आणखी महागले. बुरडिणीने सूप देऊन सात मिरच्या आणल्या. त्यांतली एक दोन्ही घरांत मिळून कुटायची असे ठरले. साळिणीचे दार सताड उघडे होते, बत्ता एकदा ही चालवी, एकदा ती.

पलीकडून म्हातारा कान लावून म्हणाला, “आता बरोबर वाजतोय. भरलेला खल कधी ठणठणत नाही.”

म्हणून बाळांनो, ध्यानात ठेवा: महागाईत लपवलेले कुजते आणि वाटलेले उरते.