शेपटाचं शेत

फार फार पूर्वी, इतक्या पूर्वी की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही, एका नदीकाठी एक गाव होतं. नदीवर बंधारा होता. बंधाऱ्यातून एक पाट निघायचा आणि गावाच्या शेतांना पाणी पाजत पाजत थेट माळाच्या कडेला जायचा. पाट जिथे संपायचा, त्या जागेला लोक शेपूट म्हणत.

पाण्याची वाटणी करणारा तो पाटकरी. बंधाऱ्यावरच्या दाराची किल्ली त्याच्या कमरेला असायची. आणि जुन्या लोकांनी एक नियम घालून दिला होता. पाटकरी कुणीही होवो, त्याचं शेत शेपटालाच असलं पाहिजे. का म्हणून काय विचारता? स्वतःचं शेत भिजवायचं तर त्याला आधी सगळ्या गावाचं भिजवावं लागे. जुनी माणसं अडाणी होती असं म्हणणाऱ्यांनी हे जरा ऐकून ठेवावं.

आणखी एक रीत होती. पाणी सोडायच्या पाळीच्या दिवशी दार उघडलं की पाटकरी अनवाणी पाटात उतरायचा आणि पाण्याबरोबर चालत शेपटापर्यंत जायचा. कुठे फुटलंय, कुठे तुंबलंय, बघत जायचा. शेपटाला पोचला की ओंजळभर पाणी प्यायचा. मग परत येऊन बंधाऱ्यावर मोठ्याने म्हणायचा, "शेपटाला पाणी प्यालो!" एवढं म्हटलं की पाळी पुरी झाली. खरंखोटं करायला कुणी जात नसे.

तर या गावात एक पाटकरी होऊन गेला. त्याचं नाव मी घेणार नाही. त्याचं नाव घेतलं की माझ्या तोंडाची चव जाते. पण खोटं कशाला बोला, सुरुवातीला माणूस सोन्यासारखा होता. गुडघाभर चिखलात उभा राहून भांडणं मिटवायचा. त्याच्या शेताला लागूनच त्याच्या धाकट्या बहिणीचं, चिमाचं, शेत होतं. भाऊ पाणी घेऊन आला की बांधावर भाकरी तयार असायची.

त्याची कीर्ती राजाच्या कानावर गेली. राजाने त्याला राजधानीत बोलावलं आणि साऱ्या राज्याच्या पाण्याचा प्रधान केलं.

गावाला आनंद मावेना. आपला माणूस प्रधान झाला! ढोल वाजले, पेढे वाटले. आणि त्या आनंदाच्या भरात गावाने एक घोडचूक केली. पंच म्हणाले, "एवढ्या मोठ्या माणसाचं शेत शेपटाला? शोभत नाही. त्याला बंधाऱ्याच्या तोंडाशी जमीन देऊ. आणि किल्लीही मानाची म्हणून त्याच्याकडेच राहू दे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकालाही वाटलं नाही की आपण काय सोडतोय.

प्रधानाने शेपटाचं शेत भाऊबीजेला चिमाच्या ताटात ओवाळणी म्हणून घातलं. चिमा रडली. गाव म्हणालं, भाऊ असावा तर असा. मीही तिथे असतो तर रडलो असतो, काय सांगावं.

पुढे काय झालं? पुढे पाय जमिनीवरून उठले. पहिल्या वर्षी प्रधान घोड्यावरून पाटाच्या कडेने गेला. मग पालखीतून. मग कुणाला तरी पाठवलं. मग कुणालाच नाही.

याच सुमारास नदीकाठी रंगाची एक मोठी पेढी आली. तिला कापड रंगवायला पाणी हवं होतं, रोज आणि पोटभर. पेढीचा शेठ प्रधानाच्या वाड्यावर जाऊ लागला. थोड्याच दिवसांत प्रधानाने हुकूम काढला की बंधाऱ्याच्या तोंडाशी पेढीने हौद बांधावेत, पाण्यावर पहिला हक्क पेढीचा आणि उरेल ते गावाचं. स्वतःची तोंडाजवळची जमीनही त्याने त्या हौदांसाठी पेढीच्या नावे करून दिली.

लोक कुरकुरले. प्रधान म्हणाला, "अरे, राज्याची भरभराट होईल! तुमच्या मुलांना कामं मिळतील!"

आणि मग एक दिवस भर दरबारात त्याने डोळ्यांना उपरणं लावलं. म्हणाला, "महाराज, लोकांची सेवा करून थकलो. आता मला मोकळं करा." दरबार हळहळला. राजाने त्याच्या खांद्यावर शाल पांघरवली. ती शाल अजून खांद्यावर होती हो, आणि हा गडी पेढीच्या गादीवर जाऊन बसला! मुख्य कारभारी म्हणून! ज्या पेढीला पाणी दिलं, तिचाच पगार खायला लागला. लाज? ती त्याने त्या उपरण्यातच पुसून टाकली होती.

इकडे शेपूट कोरडं पडलं. आधी ऊस गेला, मग भाजी गेली, मग चिमाच्या बापाने लावलेली आंब्याची झाडं उभी वाळली. चिमा रोज दूरच्या झऱ्यावरून डोक्यावर घडा आणायची. शेजारची घरं एकेक करून गाव सोडून चालली.

शेवटी चिमा पेढीवर गेली. भाऊ तक्क्याला टेकून बसला होता.

"दादा, शेपटाला पाणी येत नाही रे."

"चिमे, मी आता पाटकरी नाही. पेढीचा माणूस आहे. पेढीचे नियम असतात."

"नियम तूच केलेस ना?"

"ते प्रधान म्हणून केले. आता मला ते पाळावे लागतात."

ऐकलंत? अशा माणसापुढे डोकं फोडलं तरी आपलंच फुटतं. चिमा उठली आणि तडक राजाकडे गेली.

राजा वाईट नव्हता, फक्त गाफील होता. तो स्वतः बंधाऱ्यावर आला. सगळं गाव जमलं. शेठही हात जोडून उभा राहिला. राजाने कारभाऱ्याला विचारलं, "शेपटाला पाणी पोचतं का?"

"पोचतं, महाराज. बाईमाणूस आहे, वाढवून सांगते."

"मग तुमच्या गावच्या रीतीने पाण्याबरोबर चालत जा, शेपटाला पाणी पी आणि परत येऊन सांग. मी इथे थांबतो. तोवर चिमाबाई, तुम्ही आपल्या शेतावर जा."

कारभारी मनात हसला. एक दिवस पेढीचे हौद बंद ठेवले की काम झालं! त्याने शेठला डोळ्याने खुणावलं, हौद बंद झाले, दार उघडलं, पाणी खळाळत निघालं. जोडे काढून तो पाटात उतरायला गेला, पण कित्येक वर्षांत पाय चिखलाला लागले नव्हते. म्हणून तो पाटाच्या काठाकाठाने, धुळीतून चालू लागला.

एक गोष्ट मात्र तो पार विसरला होता. गावातल्या पोराटोरांना ठाऊक असलेली गोष्ट. वर्षानुवर्षं कोरडा पडलेला पाट आधी स्वतः पाणी पितो. त्याच्या भेगा भरल्याशिवाय थेंब पुढे सरकत नाही.

अर्ध्या वाटेवर पाणी संपलं. भेगांमध्ये जिरून गेलं. कारभारी थांबला, मागे बघितलं, आणि तसाच पुढे निघाला. ऊन डोक्यावर आलं. शेपटाशी पोचला तेव्हा त्याची जीभ टाळूला चिकटली होती. बांधावर तो मटकन खाली बसला.

चिमा धावत आली. घड्याच्या तळाशी पाणी होतं, घरातलं शेवटचं. तिने ते त्याच्या ओंजळीत ओतलं. तो घटाघटा प्यायला.

"आता तरी बघितलंस ना, दादा?" ती म्हणाली. "चल, राजाला सांग."

त्याने मान डोलावली. चिमाला वाटलं, भाऊ परत मिळाला. ती मोठ्या आशेने त्याच्या मागे चालत बंधाऱ्यावर आली.

राजाने विचारलं, "काय झालं?"

कारभाऱ्याने छाती पुढे काढली आणि मोठ्याने म्हणाला, "शेपटाला पाणी प्यालो, महाराज!"

गाव सुन्न झालं. पिढ्यान्‌पिढ्या त्या शब्दांवर कुणी शंका घेतली नव्हती.

चिमाच्या हातून रिकामा घडा खाली पडला आणि फुटला. "महाराज," ती म्हणाली, "पाणी प्याला हे खरं. पण ते माझ्या घड्यातलं होतं."

"ती म्हणते ते खोटं आहे," भाऊ म्हणाला. सख्खा भाऊ!

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा ओरडला, "पाय बघा त्याचे! पाय!"

सगळ्यांच्या नजरा खाली गेल्या. पाण्याबरोबर चाललेल्या माणसाचे पाय चिखलाने भरलेले असतात. कारभाऱ्याचे पाय कोरडे ठणठणीत होते, घोट्यापर्यंत नुसती धूळ.

आता राजाला वेगळं काही सांगायची गरज उरली नाही. त्याने पेढीचा हुकूम तिथल्या तिथे रद्द केला. शेठने लगेच हात वर केले. म्हणाला, "महाराज, हा माणूस आमचा नाहीच! आम्ही याला फक्त याच्या ओळखीपायी ठेवला होता." शालही गेली आणि गादीही गेली. तोंडाजवळची जमीन तर त्याने आधीच पेढीला देऊन टाकली होती.

गावाने किल्ली काढून घेतली आणि जुन्या नियमाप्रमाणे शेपटाचं शेत ज्याचं, त्याच्या हाती दिली. म्हणजे चिमाच्या हाती.

कारभारी गावातून चालत निघाला. ऊन तसंच होतं. तो एकेका दारापुढे थांबला. दारात माणसं उभी होती, पण एकानेही पाणी विचारलं नाही.

शेवटी तो गावाबाहेर, अजून कोरड्या असलेल्या पाटाच्या काठी उभ्या चिमाकडे वळला. "तू तरी दे ग, चिमे. घोटभर."

चिमाचे डोळे भरून आले. "दादा, तुला पाणी द्यायची भीती वाटते रे आता," ती म्हणाली. "आज दिलं, तर त्याची तू माझ्याचविरुद्ध साक्ष केलीस."

ती किल्ली कमरेला खोचून, कुठे फुटलंय, कुठे तुंबलंय ते बघायला अनवाणी पाटात उतरली. तो काठावर उभा राहिला.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, नीट ध्यानात ठेवा: ज्याच्या हाती सगळ्यांचं पाणी, त्याची तहान सगळ्यांच्या शेवटी भागली पाहिजे.