सलोमीबाईंचे अडलेले वचन

नगरकडच्या मळदवाडीत ओढ्याकाठी पत्र्याचे एक साधे देऊळ आहे. ख्रिस्तभक्त कृपादासबुवा गावोगाव फिरत तिथे आले आणि वाडीच्या भाग्याने तिथेच राहिले. पवित्र शास्त्र मिरवण्यासाठी नव्हे, त्याचा शब्द अखेरचा मानून पाळण्यासाठी आहे, असे बुवा सांगत. त्यांची एक रीत होती. वाडीकरांनी रोज सकाळी देवळात यायचे, बुवांकडून शास्त्रातले एक वचन ऐकायचे, आणि ते हातून घडले की मगच पुढचे मागायचे.

सलोमीबाईंना अक्षरओळख नव्हती, पण या रीतीवर त्यांचा फार जीव. वचन तोंडात घोळवीत त्या शेणगोठा करायच्या आणि सकाळी हसतमुखाने पुढचे मागायच्या. यंदा मात्र फाल्गुनापासून त्या एकाच वचनावर अडल्या होत्या. तहानेल्या वैऱ्यालाही पाणी पाजावे, असा त्याचा अर्थ होता.

वैरी काही लांबचा नव्हता. शाळेचे गमलिएल मास्तरच! बाईंचा नवरा वारला तेव्हा बुवा परगावी होते; अशा वेळी प्रार्थना मास्तर म्हणत, पण "दारुड्यासाठी मी प्रार्थना म्हणणार नाही," म्हणून मास्तर घरी बसून राहिले. प्रार्थनेवाचूनच माणूस मातीत गेला. हे बाईंच्या काळजात सलत होते.

वर मास्तर देवळाच्या पायरीवर चारचौघांत म्हणत, "आमचं अख्खं शास्त्र सात वेळा वाचून झालं. सलोमीबाईंची तीन महिने एकच ओळ!" लोक हसत. बाईंना मेल्याहून मेल्यासारखे होई.

"बुवा, दुसरं द्या की एखादं. ह्ये न्हाई जमायचं मला."

"माझं असतं तर बदलून दिलं असतं, बाई," बुवा म्हणाले. "वचन देवाचं. तिथं माझं काय चालणार? थांबू आपण. तुमच्याबरोबर मीही थांबतो."

वैशाखात विहिरी आटल्या. ओढ्यात बाईंनी उकरलेल्या झिऱ्यात दिवसाला जेमतेम एक घागर साचे. घरची गाय विणार होती, आणि बाईंचे पोट तिच्याच दुधावर. एका दुपारी झिरा खरवडून भरलेली घागर घेऊन त्या घराकडे निघाल्या तोच शेजारणीने सांगितले, की मास्तरीणबाई तापाने फणफणल्या आहेत, घरात पाण्याचा थेंब नाही, आणि मागायला मास्तरांची जीभ रेटत नाही.

बाई वाटेतच उभ्या राहिल्या. घरून गायीचे हंबरणे ऐकू येत होते. नवऱ्याची ती माती आठवली आणि त्यांना रडूच फुटले.

"देवा, मला न्हाई द्यावंसं वाटत," त्या म्हणाल्या. "पर तू सांगतोस म्हणून देते."

डोळे पुसत त्या मास्तरांच्या घरात शिरल्या. मास्तरीणबाईंना पाणी पाजले, अंग पुसून काढले, उरलेले त्यांच्या हंड्यात ओतले. मास्तर खांबाला टेकून नुसते पाहत राहिले.

रिकामी घागर घेऊन बाई ओढ्यावर परतल्या, आणि काय सांगावी त्या परमेश्वराची करणी! नुकताच खरवडून कोरडा केलेला झिरा काठोकाठ भरून वाहत होता! बाईंच्या हाकेसरशी सगळी वाडी हंडे घेऊन धावली. कितीही उपसले तरी पाणी हटेना. गाय पोटभर प्याली, आणि दिवस मावळायच्या आत मास्तरीणबाईंचा तापही उतरला.

मास्तर धावत देवळाशी येऊन बुवांच्या पायांवर पडू लागले. बुवांनी त्यांना वरच्यावर धरले. "माझ्या पाया कशाला पडता? ज्यांनी वचन पाळलं, त्यांच्याकडे जा."

मास्तर ओढ्यात उतरले. सगळ्या वाडीदेखत वाळूत गुडघे टेकून त्यांनी सलोमीबाईंपुढे मान खाली घातली.

"बाई, मी नुसता वाचत राहिलो. चुकलो. तुमच्या मालकांच्या कबरीवर आज प्रार्थना म्हणू द्याल मला?"

 बाईंनी मास्तरांना हाताला धरून उठवले आणि कबरस्तानाची वाट धरली. मास्तर अनवाणीच त्यांच्या मागून चालू लागले.