सगुणचा सफेदा

"...पण पडतातच का, बुवानू?"

सगुण परब आरसा मांडीवर घेऊन देवळाच्या पायरीवर बसला होता. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो दशावतारी नाटकात राणीचं काम करत होता. त्याला पहिलं लुगडं नेसवलं ते दाजीबुवांनी. आता बुवा रंगभूमी सोडून याच देवळात राहत होते.

"काय पडतात?" बुवांनी विचारलं.

"सुरकुत्या."

"कुठे?"

"डोळ्यांच्या कडेला. तोंडाच्या दोन्ही बाजूंना. कपाळाचं तर विचारूच नका."

"पाठीवर?"

"पाठीवर कशाला पडतील?"

"पाठ तुझ्याहून लहान आहे?"

सगुणने आरसा तोंडाजवळ नेला.

"उन्हानं असेल," तो म्हणाला. "गावोगाव हिंडायचं आमचं."

"नाकही बरोबरच हिंडलं असेल ना?"

"थट्टा नको, बुवानू. काल कंपनीचे मालक सगळ्यांसमोर म्हणाले, राणी आता राजाची आई दिसता. सगळे हसले. आजच्या जत्रेत रंगली नाही, तर उद्यापासून राणी दुसऱ्याकडे. मला म्हणाले, तू ऋषी हो, दाढीत सगळं झाकेल."

"मग?"

"मग उपाय केलाय. हा काय, लावूनच आलोय."

त्याने चेहरा वर केला. तोंडाला फासायच्या पांढऱ्या रंगाचा, सफेद्याचा, जाड थर होता. एकेक रेघ भरून काढलेली. चेहरा नुकत्याच सारवलेल्या भिंतीसारखा सपाट दिसत होता.

"दिसते एकतरी?"

"नाही," बुवा म्हणाले. "रड."

"आता?"

"राजाने तुला वनात टाकलंय. रड."

दशावतारात लिहून दिलेली भाषणं नसतात. ज्याला जे सुचेल ते त्याने बोलायचं. सगुणने पदर सावरल्यासारखा हात खांद्याशी नेला, आवाज लावला. आवाज चांगला होता. ओठ मात्र जेमतेम हलत होते. दोन वाक्यं बोलून तो थांबला.

"संपलं?"

"जास्त बोललो तर तडे जातात."

"कशाला?"

"रंगाला."



"किती दिवस चाललंय हे?"

"मागच्या हंगामापासून. आधी हसणं कमी केलं. मग रडणं."

"आणि लोक?"

"लोक पेंगतात," सगुण म्हणाला. "मालकांना वाटतं, माझ्या तोंडामुळे."

बुवा उठले. तांब्यातलं पाणी उपरण्यावर ओतलं आणि सगुणचं तोंड पुसू लागले. सगुणने त्यांचं मनगट धरलं.

"नको, बुवानू. रात्री मंडप भरेल. हे तोंड घेऊन कुठे उभा राहू?"

बुवा पुसत राहिले.

"दुसरं काय येतं मला? शेती भावाने बघितली. पोरं बायकोने वाढवली. मी नुसती राणी केली. राणी काढून घेतली तर मागे राहतं कोण, सांगा..."

त्याचा आवाज फुटला. कपाळ गोळा झालं, तोंड वाकडं झालं. डोळ्यांतलं पाणी नाकाकडच्या घडीत शिरलं आणि तिथून हनुवटीवर उतरलं. तो बोलतच राहिला. पहिल्या लुगड्याचं बोलला. लुगडं बघून बाप जेवणावरून उठला होता, ते बोलला. थांबायचं त्याला सुचलं नाही.

पायरीखाली जत्रेतलं गुळाचं खाजं विकणारी बाई तागडी हातात धरून उभीच राहिली. मग तिने पदर डोळ्यांना लावला.

सगुणचं बोलणं सरलं...

बुवांनी उपरणं पिळलं आणि कठड्यावर उन्हात टाकलं.

सगुणने आरशात पाहिलं. सगळ्या रेघा परत आल्या होत्या.

"सगळा रंग पुसलात," तो म्हणाला. "आता रात्री काय लावू?"

"आत्ता रडली, ती राणी इतके दिवस कुठे होती?" बुवा म्हणाले.