शापाला भरवणारे तीन हात

एका राज्यात, जिथे पोपट दरबारात साक्ष देत आणि ढग विचारून बरसत, तिथे वीरकेतू नावाचा राजा होता. मनाने उदार, पण जिभेला हाड नाही. एकदा कंकोळ नावाचा जादूगार भेटीला आला. त्याचे हात खैराच्या सालीसारखे खरखरीत होते. ते पाहून राजा भर दरबारात खदाखदा हसला.

कंकोळ म्हणाला, "ज्या सालीला हसलास, ती तुझ्या लेकीच्या अंगावर चढेल. तिसऱ्या पौर्णिमेचा चंद्र उगवताच ती खैराचं झाड होईल. माझा शाप तुझ्याच महालात राहील. तीन हात त्याला रोज भरवतील. ते थांबले, तरच तो उपाशी मरेल."

एवढं बोलून तो वावटळ होऊन निघून गेला.

राजकन्या कनकवेलीच्या कोपरांवर, मानेवर लाल चट्टे उठले. खाज अशी सुटे की पोर रडून रडून थके. दुसऱ्या पौर्णिमेला तिच्या मनगटावर तपकिरी साल दिसू लागली. राजाने फितुरांचा शोध मांडला. आचारी हाकलले, दासी बदलल्या, वैद्यांना तर पळता भुई थोडी झाली. शत्रूचे हात काही सापडेनात.

महालाची परटीण होती तुंगाई. कनकवेलीची बाळपणीची दुपटी तिनेच धुतलेली. तिच्या हातच्या खळीची कीर्ती एवढी, की राजाचा अंगरखा खुंटीवाचून उभा राही आणि कुणी आलं तर वाकून मुजराही करी. तुंगाईला त्याचा भारी तोरा! पण आता तिचं कामात मन लागेना. तिसरी पौर्णिमा उद्यावर आली होती.

त्या सकाळी ती घाटावर कपडे वाळत घालत होती, तोच दोरीवर एक भारद्वाज येऊन बसला. लाल डोळे रोखून म्हणाला, "तुंगाई, शत्रूच्या हातून रोज कोण जेवतं? माया करणारे हात शोध. पहिला हात तुझं नाक दाखवील."

तुंगाई ओल्या लुगड्यानिशी महालाकडे धावली. कनकवेलीच्या दालनात शिरताच तिला ठसका लागला. लेकीने एकदा खाजवलं, की राणी पिशाच्च पळवायला एक धूपदाणी वाढवी. आता चाळीस झाल्या होत्या!

"राणीसाहेब, धूप विझवा."

"विझवू? त्याच्याच जोरावर माझी लेक जिवंत आहे!"

"दुपारपर्यंत विझवा. गुण आला नाही, तर मला देशाबाहेर घाला."

राणीने धूपदाण्या विझवल्या. छताखालचा धूर गोळा झाला, त्याचं करडं मांजर बनलं आणि फिस्कारत खिडकीतून उडी टाकून गेलं. दुपारी कनकवेलीच्या मानेवरचे चट्टे फिके पडले. तुंगाईने आनंदाने टाळीच वाजवली.

भारद्वाज खिडकीत हजर. "दुसरा हात रोज संध्याकाळी पांघरूण घालतो."

पांघरूण घालणारा खुद्द राजा! सात लढाया मारून त्याने एका गुहेतून सोनेरी लोकरीची रजई आणली होती. लेकीला थंडी वाजू नये म्हणून तो ती रोज स्वतःच्या हाताने तिच्या अंगावर घाली. त्या रजईला ऊन कसलं ते ठाऊक नव्हतं.

"महाराज, ही रजई उन्हात झटका."

"परटिणी, माझ्या पराक्रमावर धूळ आहे म्हणतेस?"

"झटकून पाहावं, महाराज."

राजाने सज्जात जाऊन रजई झटकली. तीतून डोळ्यांना जेमतेम दिसणारं सैन्य बदाबदा खाली पडलं. लाखो भालाईत! उन्हाने ते जागच्या जागी विरून गेले. राजाचा चेहरा उतरला, पण कनकवेलीचे कोपर निवळले.

मनगटावरची साल मात्र हलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती खांद्यापर्यंत चढली.

"तिसरा हात सांग!" तुंगाई घाटावर उभी राहून ओरडली. "आज चंद्र उगवेल!"

भारद्वाज एवढंच म्हणाला, "तुझ्या बोटांना विचार."

तुंगाईने बोटं पाहिली. कपडे धुण्याच्या खाराने भेगाळलेली. राजकन्येचा धुतलेला झगा तिने पाण्याच्या परातीत बुडवला. पाणी दुधासारखं पांढरं झालं. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून ती खार सढळ हाताने घाली, वेळ वाचावा म्हणून एकदाच खळबळून काढी आणि वर ती कडक खळ चढवी. ज्या पोरीला तिने अंगाखांद्यावर खेळवलं, तिच्या अंगाला ती रोज खार नेसवत होती.

गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. पण ती तडक दरबारात गेली.

"महाराज, तिसरा हात माझा. शिक्षा उद्या द्या, आज मला धुऊ द्या."

राजाने बाह्या सारल्या आणि तिच्यामागून नदीवर गेला. राणीही गेली. तिघांनी मिळून एक सुती झगा सात पाण्यांतून काढला. खार नाही, खळ नाही, अत्तर नाही. भारद्वाजाने पंखांनी वारा घालून तो वाळवला. झगा अगदी लोळागोळा झाला. पूर्वेला चंद्राची कड दिसली, तेव्हा तुंगाई जिने चढत होती.

तिने झगा कनकवेलीच्या अंगावर घातला. कडकड आवाज झाला आणि साल तुकड्यातुकड्यांनी गळून पडली. पलंगाखालून हाडं निघालेलं एक उपाशी कुत्रं बाहेर आलं, तिघांच्या हातांकडे पाहून केविलवाणं ओरडलं आणि उंबरठ्यावर विरून गेलं.

राजाने दुसऱ्या दिवशी स्वतः कंकोळाकडे खोबरेल तेलाची बुधली नेली आणि हात जोडून क्षमा मागितली. मग तुंगाईला बोलावणं आलं.

"मला शिक्षा करा, महाराज."

"तिघांनी भरवलं, तिघांनी थांबवलं," राजा म्हणाला. "कुणाला कुणी शिक्षा करायची?"

कनकवेली धावत आली आणि तुंगाईच्या मऊ पदरावर गाल टेकून झोपली. किती महिन्यांनी! त्या दिवसापासून राजाचा अंगरखा कधी उभा राहिला नाही. तुंगाई तो खुंटीला टांगते. राज्यात सारं ठीक आहे, आणि ऐकणाऱ्यांच्या घरीही तसंच असो.